काळं म्हणायचं नाही

तळघराच्या दारावर खडूनं लिहिलंय:
आधी चष्मा, मग नमस्कार.
खिळ्याला प्लास्टिकचे दोन चष्मे टांगलेले,
एक लिओ बाउमगार्डनरचा, एक पाहुण्याचा.
पाहुणी म्हणजे मी, वरच्या मजल्यावरची भाडेकरू,
अल्टूनाच्या इस्पितळात रात्रपाळीला रक्त तपासणारी.

'ह्याला काळं म्हणू नकोस,'
वीतभर इंजिन दिव्याखाली धरून तो सांगतो.
मी बघते. काळंच आहे.
तव्याइतकं नाही, बरं, पण काळं.
तो ते जरा तिरकं करतो,
आणि कडेला, जिथे उजेड घसरतो,
तिथे विहिरीच्या तळाशी असतं तसलं हिरवं
हलतं,
आहे आहे म्हणेपर्यंत नाहीसं होतं.
'दिसलं?'
'दिसलं,' मी म्हणते. अर्धं खोटं.

अडतीस वर्षं त्यानं खऱ्या डब्यांना रंग मारला
जुनिआटाच्या शेडमध्ये, तोंडाला नुसता रुमाल बांधून.
त्या रुमालाचा हिशेब आता जिन्यावर चालतो,
तीन पायऱ्या, थांबा,
चार पायऱ्या, थांबा.
म्हणून इथे, शिशीभर रंगासाठी
दोन गाळण्यांचा मुखवटा,
खिडकीत गुरगुरणारा पंखा.
पातं अंगापासून दूर.
डिंकाची वाफ उठली की मान मागे.
तापलेली डागणी स्टँडवर, नाहीतर घरी जा.
डाव्या अंगठ्यावरचा पांढरा व्रण तो माझ्यापुढे धरतो:
'वाच, काय लिहिलंय?'
'घाई,' मी वाचते.
तो खूश होतो, पिठाची परीक्षा पास झाल्यासारखा
मला नवा ब्रश देतो.

मार्चमध्ये त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
तिसऱ्या दिवशी झाडूच्या दांड्यानं माझी जमीन ठोकली:
'खाली ये. चष्मा राहू दे, तशीच ये.'

चष्मा राहू दे!
मी धावतच गेले.

टेबलावर सव्वीस इंजिनं, नाकाला शेपूट लावून.
उजवा डोळा झाकला की सगळी बरोब्बर,
जशी रंगवली होती तशी.
डावा झाकला की निळी.
मोरपिसाच्या बाजूला झुकलेली, परकी.
'पंधरा वर्षं मी चहातून बघत होतो,' तो म्हणाला.
'आता कुठल्या डोळ्याचं ऐकू?'

रक्ताला आकडा असतो, मी तो सहीनिशी देते.
हिरव्याचा आकडा माझ्याकडे नव्हता.
जुनी छायाचित्रं करडी,
आणि संग्रहालयातलं खरं इंजिनही
कुणीतरी आपल्या डोळ्यांनीच रंगवलेलं.

बराच वेळ पंखा तेवढा बोलत होता.

मग त्यानं डब्यांच्या लालाची शिशी उघडली.
कंपनी ह्याला इटलीतल्या कुठल्या मुलखाचं नाव देते,
तो मुलूख त्यानं पाहिला नाही, मीही नाही.
'तुमच्यात ह्याला काय म्हणतात?'
मी वर गेले, बरणी घेऊन आले,
त्याच्या तळहातावर एक आमसूल ठेवलं,
सुकलेलं, दुमडलेलं, तुपकट चमकणारं.
त्यानं एक डोळा मिटला. मग दुसरा.
'दोन आमसुलं आहेत,' म्हणाला,
आणि ते सरळ तोंडात टाकलं.
चेहरा असा आवळला की कानही हलले.
'चव मात्र एकच!'

त्या शिशीवर आता पट्टी चिकटवली आहे,
त्याच्या गिचमिड अक्षरात: आम्सोली.
मी दुरुस्त केलेलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख मेमध्ये.
तोवर सत्ताविसावं इंजिन
प्रायमरच्या राखाडीतच राहील,
धूळ बसू नये म्हणून
माझ्या इस्पितळाच्या एका स्वच्छ टोपीखाली.